वारसा सोडून रोलकडे: आमच्या बिलिंगच्या पर्ल कोडची एक तिमाही

मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. कोड पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत, पंधरा वर्षांहून जुना, आणि तो लिहिणाऱ्यांपैकी एकच जण अजून ऑफिसात आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात. २०२४ च्या जुलैपासून ऑक्टोबरच्या बिलांपर्यंत आम्ही त्या कोडमधली क्लासची (एकमेकांचा वारसा घेणाऱ्या साच्यांची) वंशावळ मोडली आणि तिच्या जागी रोल (कुठल्याही क्लासवर चढवता येणारे कामांचे गट) आणले. या विषयावर मराठीत कुणाचं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं त्या काळात अनेकदा वाटलं, म्हणून हे लिहून ठेवतेय. पीएचपी आणि पायथनवाल्यांसाठी मधे एक परिच्छेद आहे, बाकी बराचसा भाग त्यांनाही लागू पडेल.

एप्रिलच्या बिलांनंतर चेंबूरच्या एका सोसायटीच्या खजिनदारांचा फोन आला. एका सदस्याने फ्लॅट भाड्याने दिलाय, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागायला हवेत, बिलात शून्य का? हे चार्जेस १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. म्हणजे रक्कम फार मोठी नव्हती. पण खजिनदारांचा पुढचा प्रश्न अवघड होता: अशी आणखी किती बिलं गेली असतील?

कोडमध्ये एक मूळ क्लास होता, ‘बिल’. त्याच्यात नॉन-ऑक्युपन्सीची मेथड (क्लासचं एक ठरावीक काम करणारा कोड) होती आणि ती शून्य परत करायची. त्याखाली दोन क्लास: ‘पार्किंग-बिल’ आणि ‘भाडे-बिल’. नॉन-ऑक्युपन्सीचा खरा हिशोब ‘भाडे-बिल’मध्ये. आता फ्लॅट भाड्यानेही दिलाय आणि पार्किंगही आहे, तर कुणीतरी तिसरा क्लास काढून त्याला दोन्ही आईबाप लावलेले, पार्किंग आधी. पर्लला सांगितलं नाही तर तो मेथड शोधताना एका फांदीने सरळ मुळापर्यंत जातो आणि मग दुसऱ्या फांदीकडे वळतो. ‘पार्किंग-बिल’मध्ये सापडलं नाही, वर ‘बिल’मध्ये शून्यवालं सापडलं, शोध संपला. ‘भाडे-बिल’ला कुणी विचारलंच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही.

काकांनी त्याच दिवशी तात्पुरता इलाज केला. पर्ल ५.१० पासून शोधाचा क्रम बदलून सी-थ्री करता येतो. त्यात मूळ क्लासची पाळी सगळ्या फांद्यांच्या नंतर येते. एका ओळीत चेंबूरचं बिल सुधारलं. पण काका स्वतःच म्हणाले, “अगं, हा फक्त रांगेचा क्रम बदलला. दोघांनी एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर अजूनही कुणी बोंब मारणार नाही.” माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म याच वाक्यात होतं. आम्हाला बोंब मारणारा कोड हवा होता.

मग रोल का? काकांनी ते मला सोसायटीच्याच भाषेत समजावलं. सेक्रेटरी हा कुणाचा तरी मुलगा म्हणून सेक्रेटरी होत नाही. माणूस तोच राहतो, त्याच्यावर पद चढतं, सह्यांचे अधिकार येतात. आणि पदाला अट असते: सदस्य हवा, थकबाकीदार नको. रोलमध्येही हे दोन्ही भाग असतात. तो क्लासला काही मेथड देतो, आणि ‘रिक्वायर्स’ लिहून आधी क्लासकडून काही मागतो. मागितलेलं नसेल तर प्रोग्राम सुरू होतानाच मरतो आणि काय कमी आहे ते नावानिशी सांगतो.

मॅनेजमेंटने होकार दिला त्याचं कारण मात्र वेगळंच होतं. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर होता आणि त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. सर्व्हर हलवायचाच होता, सगळी बिलं पुन्हा तपासायचीच होती. त्यात हेही उरकून घ्या, असं ठरलं. असा धागा तुमच्या ऑफिसात सापडत असेल तर धरून ठेवा. “कोड नीट करायचाय” एवढ्यावर कुणी वेळ देत नाही.

पहिली मीटिंग सोमवारी, ८ जुलैला ठेवली होती. आदल्या रात्रीच्या पावसाने सेंट्रलची वाट लावली, मी डोंबिवलीतच अडकले, मीटिंग फोनवर झाली. त्यातच ठरलं: जुलैची बिलं गेलेली आहेत, पुढची १ ऑक्टोबरला, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवा कोड चालू व्हायला हवा. मधे गणपती, आणि ३० सप्टेंबरपर्यंत सोसायट्यांच्या एजीएमची घाई, ज्यात आमचा सपोर्टचा फोन खाली ठेवता येत नाही.

साधन कोणतं घ्यायचं यावर थोडी चर्चा झाली. जुलै २०२३ मध्ये आलेल्या पर्ल ५.३८ मध्ये ‘क्लास’ हा शब्द भाषेतच आला, पण प्रायोगिक म्हणून, आणि रोल त्यात नव्हते. शिवाय आमच्या नव्या सर्व्हरवर, अल्मालिनक्स ९ वर, सिस्टिमचं पर्ल ५.३२ आहे. राहिले दोन पर्याय, दोन्ही बाहेरून आणायची मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे. ‘मूस’, जे स्टीव्हन लिटल यांनी २००६ मध्ये आणलं, आणि त्याचं हलकं भावंड ‘मू’, मॅट ट्राउट यांचं. काकांचं मन ‘मूस’कडे होतं, कारण त्यात रोलवर आणखी बरंच काही करता येतं. पण ‘मूस’ बसवायला सी कंपायलर (सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) लागतो आणि आमच्या सिक्युरिटीवाल्यांचा नियम असा की लाइव्ह सर्व्हरवर कंपायलर नको. दुसऱ्या मशिनवर बांधून आणता आलं असतं, पण त्यासाठी वेगळा फॉर्म. ‘मू’ला कंपायलर लागत नाही. वाद तिथेच मिटला.

फॉर्मबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच पाहिली. बाहेरचं कुठलंही मॉड्यूल आणायचं तर आमच्याकडे एक्सेल शीट भरावी लागते: नाव, आवृत्ती, लायसन्स, उपयोग, आणि हे मॉड्यूल आणखी कोणत्या मॉड्यूलवर टेकलंय. १२ जुलैला मी ‘मू’ची एक ओळ भरून पाठवली. २९ जुलैला शीट परत आली: टेकलेल्या प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. मग ‘रोल-टायनी’, ‘क्लास-मेथड-मॉडिफायर्स’, ‘सब-क्वोट’, प्रत्येकाची ओळ, प्रत्येकाचं लायसन्स. बहुतेकांचं लायसन्स “पर्लप्रमाणेच” असतं. शीटच्या यादीत तसा पर्याय नव्हता, म्हणून ‘आर्टिस्टिक किंवा जीपीएल’ असं हाताने लिहून वर एक मेल. मंजुरी १४ ऑगस्टला संध्याकाळी आली. तुमच्याकडे असा फॉर्म असेल तर ‘कार्टन’ या पर्लच्या साधनाने आधी सगळी यादी काढा, आवृत्त्यांसकट, आणि पहिल्याच वेळी पूर्ण भरा. चाचणीसाठी वेगळं क्लाउड मशिन घेतलं, महिन्याला साधारण ३,२०० रुपये. त्याची मंजुरी मात्र एका मेलवर मिळाली. पैसे लगेच सुटतात, एक्सेलची ओळ सुटत नाही, हा अनुभव माझा एकटीचा नसावा.

मंजुरीची वाट बघताना चाचणी मशिनवर काम सुरू होतं. पहिलं काम कोड लिहिण्याचं नव्हतंच. जुलैची सगळी बिलं जुन्या कोडने पुन्हा काढून ती साध्या टेक्स्टमध्ये साठवली: प्रत्येक सदस्य, प्रत्येक ओळ, प्रत्येक रक्कम. नव्या कोडचं उत्तर रोज या साठ्याशी ताडायचं. हे आधी केलं नसतं तर पुढच्या एकाही बदलाला हात लावायची हिंमत झाली नसती. हा साठा बरोबर असायची गरज नाही. जुना कोड जे म्हणतो ते त्यात हवं, चुकांसकट.

दुसरं काम, सगळ्या कोडमध्ये ‘आयझा’ शोधणं. रिपोर्ट काढणाऱ्या फाइल्समध्ये जागोजागी “हे बिल भाडे-बिल आहे का?” असं विचारलेलं होतं. क्लासच नाहीसा झाला की ही सगळी उत्तरं गुपचूप ‘नाही’ होतात. त्यांच्या जागी ‘डझ’ घातलं, म्हणजे “हे बिल हा रोल निभावतं का?”. आधीच चाळून घ्या, मागाहून हे शोधणं फार त्रासाचं होतं. क्लासचं नाव थेट तपासणाऱ्या ओळी दिसल्या तर त्याही काढा.

पहिला रोल आम्ही मुद्दाम सोपा घेतला: पार्किंग. मागतो फक्त सदस्याची वाहनं आणि सोसायटीचा दर, देतो एक रक्कम. प्रोग्राम सुरू केला आणि तो मेला: दर नाही म्हणे. दर तर क्लासमध्ये समोर लिहिलेला दिसत होता! आमच्या टीममधली नवी मुलगी आणि मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. शेवटी तिनेच विचारलं, “ताई, ‘विथ’ची ओळ वर आहे म्हणून असेल का?” तेच होतं. ‘विथ’ म्हणजे क्लासवर रोल चढवणारी ओळ. ‘सब’ने लिहिलेली मेथड फाइल वाचतानाच तयार होते, पण ‘हॅज’ने जाहीर केलेला गुणधर्म ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हा तयार होतो. ‘विथ’ही तसंच चालता चालता लागतं. तेव्हा आधी सगळे ‘हॅज’, मग ‘विथ’. ‘मूस’मध्येही हेच. रोलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, पण परिचयाच्या लेखांत ते क्वचितच वर लिहिलेलं असतं.

तसंच एक लहान पथ्य: रोलच्या फाइलमध्ये बाहेरून आणलेली फंक्शन, समजा बेरजेचं ‘सम’, ही ‘मू’च्या रोलची ओळ यायच्या आधी आणा. आधी आणली तर ती रोलची धरली जात नाहीत. नंतर आणली तर ती मेथड म्हणून प्रत्येक क्लासमध्ये शिरतात.

ऑगस्टच्या मध्याला भाड्याचा रोल झाला आणि तो पार्किंगसोबत एकाच क्लासवर चढवला. प्रोग्राम पुन्हा मेला, पण यावेळी मला आनंद झाला. संदेशात स्पष्ट लिहिलं होतं की दोन रोलमध्ये एकाच नावाची मेथड आहे, ती आता क्लासने स्वतः लिहावी. दोघांनी ‘शेरा’ नावाची मेथड दिली होती, बिलाच्या तळाला छापायची ओळ. जुन्या कोडमध्ये यातला एक शेरा नुसता गायब व्हायचा. खरंच, जुलैच्या साठ्यात अशा बिलांवर नॉन-ऑक्युपन्सीचा शेरा कुठेच नव्हता. क्लासमध्ये दोन ओळी लिहून दोन्ही शेरे छापले.

पण ही बोंब एका अटीवर ऐकू येते, आणि ही अट मी लाल शाईत लिहून मॉनिटरला चिकटवली आहे. दोन्ही रोल एकाच ‘विथ’मध्ये, एका यादीत द्यायचे. दोन ओळींत दोन वेगळे ‘विथ’ लिहिले तर पहिल्या रोलची मेथड क्लासची होऊन बसते, आणि क्लासची स्वतःची मेथड नेहमीच रोलवर मात करते, त्यामुळे दुसऱ्याची गुपचूप गळते. म्हणजे फिरून एप्रिलच्या बिलापाशी. क्लास रोलवर मात करतो, रोल आईबापांच्या क्लासवर मात करतो, हा क्रम पाठच करून टाका. तो पर्लवाल्यांनी मनाने ठरवलेला नाही. २००३ मध्ये स्विट्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि अमेरिकेतल्या अँड्र्यू ब्लॅक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी ‘ट्रेट’ मांडले, त्यात हा नियम आहे: ट्रेट लावलेला क्लास असा वागावा जणू त्या मेथड त्याच्यातच लिहिल्या होत्या. तिथून ही कल्पना पर्लचे जनक लॅरी वॉल यांच्या पर्ल ६ च्या आराखड्यात ‘रोल’ या नावाने गेली, आणि ‘मूस’ने ती पर्ल ५ मध्ये आणली. पर्ल ६ चं नाव २०१९ मध्ये राकू झालं. तिथे रोल भाषेतच आहेत, बाहेरून काही आणावं लागत नाही. काका हे सांगताना जरा हळवे होतात.

पीएचपीवाल्यांनो, तुमच्याकडे ५.४ पासून ट्रेट आहेत आणि तोच क्रम आहे. दोन ट्रेट भिडले तर तुम्हालाही फेटल एरर येतो, आणि ‘इन्स्टेडऑफ’ लिहून निवड करावी लागते. पायथनमध्ये मिक्सिन म्हणजे शेवटी अनेक आईबापच, क्रम सी-थ्री. दोन मिक्सिन एकाच नावावर भिडले तर आधीचा जिंकतो आणि कुणी काही बोलत नाही. तिथे ही तपासणी चाचणीत आपली आपणच लिहावी.

सगळ्यात जास्त डोकं व्याज आणि जीएसटीने खाल्लं. जुन्या सवयीने आम्ही दोन्हींसाठी ‘अराउंड’ वापरलं, म्हणजे ‘एकूण’ या मेथडला बाहेरून गुंडाळायचं: व्याजाचा रोल एकूण रकमेत थकबाकीचं व्याज मिळवणार, जीएसटीचा रोल त्यावर १८ टक्के लावणार. सुटसुटीत दिसतं. पण ‘अराउंड’ एकमेकांशी कधीच भिडत नाहीत. कितीही रोल एकाच मेथडला गुंडाळू शकतात, सगळे चालतात, आणि नंतर लावलेला बाहेर बसतो. म्हणजे यादीतल्या दोन नावांची अदलाबदल केली की बिल बदलतं, आणि कुणी ओरडत नाही. हिशोब करून पाहिला: मेंटेनन्स ८,००० रुपये, व्याज २१०. आधी व्याज मिळवून मग जीएसटी लावला तर ९,६८७ रुपये ८० पैसे. आधी जीएसटी, मग व्याज, तर ९,६५०.

यातलं बरोबर कोणतं हे प्रोग्रामरने यादीच्या क्रमाने ठरवू नये. आमच्या सीएंना विचारलं, सल्ल्याचे ५,००० रुपये गेले. त्यांनी जीएसटी कायद्याचं कलम १५ उघडून दाखवलं: पैसे उशिरा दिल्याबद्दलचं व्याज पुरवठ्याच्या मूल्यात धरायचं. म्हणजे पहिला आकडा. शिवाय जीएसटी मुळात लागतो का यासाठी दर सदस्यामागे महिना ७,५०० रुपयांची मर्यादा आणि सोसायटीची २० लाखांची उलाढाल या अटी वेगळ्या तपासायच्या. मग आम्ही पैशांच्या मेथडवरचे सगळे ‘अराउंड’ काढून टाकले. आता प्रत्येक रोल आपल्या वेगळ्या नावाची एक मेथड देतो, आणि बिलाचा क्लास एकाच ठिकाणी, डोळ्यांना दिसेल असा, त्या मेथड क्रमाने हाक मारतो. त्या ओळींच्या शेजारी कलमाचा उल्लेख कॉमेंटमध्ये आहे. चार ओळी जास्त झाल्या. ‘अराउंड’ला मी लॉग लिहिण्यापुरतं ठेवलंय, तिथे क्रम उलटला तरी कुणाच्या खिशाला झळ बसत नाही.

हे संपेपर्यंत ऑगस्ट सरला. ७ सप्टेंबरला गणपती बसले, अर्धं ऑफिस कोकणात, आणि कंपनीचा नियम की त्या आठवड्यात लाइव्ह सर्व्हरला हात लावायचा नाही. मला ही सुटी अगदी योग्य वेळी मिळाली. परत आल्यावर जुन्या आणि नव्या बिलांतले फरक छापून काढले आणि काकांसोबत एकेक ओळ तपासली. फरकांचे तीन ढीग झाले: जुना कोड चुकत होता, शेऱ्यांचा मजकूर बदलला होता, आणि काही पैशांचं राउंडिंग. पहिल्या ढिगाचं काय करायचं हे आम्ही ठरवलं नाही. सोसायट्यांना कळवायचा मसुदा अकाउंट्सने केला, रक्कम पुढच्या बिलात वेगळी दाखवायचं ठरलं. चेंबूरच्या खजिनदारांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यासह गेलं. त्यांनी फक्त “ठीक आहे” असं लिहिलं.

अनंत चतुर्दशी १७ तारखेला झाली आणि शनिवारी, २१ सप्टेंबरला रात्री नवा कोड चढवला. चेंज रिक्वेस्टमध्ये ‘परत फिरण्याची योजना’ असा रकाना असतो, तो मन लावून भरा. आमच्या मंजुरी देणाऱ्यांनी वाचलेला तेवढाच रकाना होता. जुना कोड शेजारच्या फोल्डरमध्ये तसाच ठेवला आणि एका सिमलिंकवर (फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यावर) अदलाबदल होईल असं केलं. रात्री उशिरा सगळं आटोपलं, शेवटची मेट्रो कधीच गेली होती. डोंबिवलीपर्यंतच्या टॅक्सीची पावती ऑफिसला लावली आणि ती मंजूर व्हायला नोव्हेंबर उजाडला.

१ ऑक्टोबरला बिलं निघाली. रात्रीच्या कामाला लागणाऱ्या वेळात जाणवण्यासारखा फरक पडला नाही. आठवडाभर मी लॉग उघडूनच बसलेली असायचे, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. फोन आले ते पीडीएफ उघडत नाही अशा नेहमीच्या तक्रारींचे.

सगळी वंशावळ अजून गेलेली नाही. पावत्यांचा भाग जुन्या क्लासवरच आहे. त्याला ३१ मार्चचे हिशेब संपल्याशिवाय हात लावायचा नाही असं अकाउंट्सने बजावलंय. ‘बिल’ हा मूळ क्लासही ठेवलाय, फक्त त्यातल्या शून्य परत करणाऱ्या मेथड एकूण एक उडवल्या. आता कुणी भाड्याचा रोल लावायला विसरलं आणि नॉन-ऑक्युपन्सी मागितली, तर प्रोग्राम त्या मेथडचं नाव घेऊन जागच्या जागी मरतो.